मिलिंद नावाची माणसं

"मम्मा, व्हॉट वॉज आजोबाज नेम?"

मुग्धाने हे विचारलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तिला शाळेत फॅमिली ट्री काढून न्यायचं होतं. रंगीत पेनं पसरून पोरगी डायनिंग टेबलावर बसली होती. मला वाटलं, चेष्टा करतेय.

"अगं, आजोबांचं नाव माहीत नाही तुला?"

"आजोबा," ती म्हणाली. "आय मीन, द रियल वन."

लाटणं हातातच राहिलं. इतका राग आला म्हणून सांगू! नऊ वर्षांची घोडी, जन्मल्यापासून आजोबांच्या मांडीवर वाढली. त्यांच्या चष्म्याच्या काड्या मोडल्या हिने, त्यांच्या ताटातले पापड पळवले. ते जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली आणि हिला नाव माहीत नाही?

मग पोळी करपल्याचा वास आला आणि डोकं जरा जागेवर आलं. पोरीला कळणार कुठून? घरात ते नाव घेत होतं कोण? मी आणि माझा भाऊ राहुल म्हणायचो बाबा. मुग्धा म्हणायची आजोबा. वर्कशॉपमध्ये सगळे मास्टर म्हणायचे. आणि आई? आई म्हणायची 'अहो', आणि दुसऱ्याशी बोलताना 'हे'. व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरच्या काउंटरवर कुणी नवऱ्याचं नाव विचारलं तर ती राहुलकडे बोट दाखवायची, राहुल नसला तर कार्ड पुढे करायची. त्या माणसाला वाटायचं बाईंना ऐकू येत नाही. मी माझ्या नवऱ्याला विलास म्हणते, डोकं फिरलं की विल्यासुद्धा म्हणते. पण आई जालन्याकडच्या खेड्यातली. तिथे बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात.

"मिलिंद," मी म्हटलं. "लिही. मिलिंद खिल्लारे."

"स्पेलिंग?"

मी स्पेलिंग सांगितलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

आमचे बाबा इथे आखातात, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात लेथवर काम करायचे. बोटींचे शाफ्ट, पंपांचे भाग, काय वाटेल ते वळवून द्यायचे. नावावर त्यांचं भारी प्रेम. त्यांचे वडील तेव्हाच्या औरंगाबादला मिलिंद कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई होते. मुलगा झाला तेव्हा त्यांनी कॉलेजचंच नाव देऊन टाकलं. माझ्या या आजोबांचं म्हणणं, एवढ्या मोठ्या दगडी इमारतीवर कोरलेलं नाव आहे, पोराच्या अंगावर वाईट कसं दिसेल? त्यांनीच बाबांना सांगून ठेवलं होतं की मिलिंद हा ग्रीक राजा होता, भिक्खूंशी वाद घालायचा आणि हरला तर खुश व्हायचा.

एकदा वर्कशॉपमध्ये सायप्रसचा एक माणूस शाफ्ट घेऊन आला. स्तावरोस नाव, एका टगबोटीवर चीफ इंजिनियर. काम होईस्तोवर चहा पीत बसला होता. त्याने नाव विचारलं. बाबांनी सांगितलं, आणि वर म्हणाले, "हे नाव तुमचंच आहे. ग्रीक." तो असा हसला की चहा सांडला. मिलिंद? असलं काही नाव आमच्यात नसतं, हबीबी! बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण गिऱ्हाइकाशी भांडणार कसं? ते लेथकडे वळले. दोन दिवसांनी स्तावरोस शाफ्ट न्यायला आला तो दारातूनच ओरडत. "मेनान्द्रोस! मास्टर, यू आर मेनान्द्रोस!" त्याने कुणाला तरी विचारून घेतलं होतं. त्याचा सख्खा मामा मेनान्द्रोस निघाला, लार्नाकाला चपलांचं दुकान चालवायचा. त्या दिवशी बाबा घरी आले ते पाय जमिनीला न लावता. आईला म्हणाले, "आशा, माझा एक मामा सायप्रसला चपला विकतो."

तिथून जे वेड लागलं ते लागलंच. शुक्रवारी सुट्टी असायची तेव्हा. दुपारी जेवण झालं की मी आणि राहुल त्यांच्या दोन बाजूंना, आणि बाबा आपल्या नावाच्या माणसांच्या गोष्टी सांगायचे. अथेन्सचा मेनान्द्रोस विनोदी नाटकं लिहायचा; त्यातली बहुतेक हरवली, आणि शेकडो वर्षांनी इजिप्तच्या वाळूत रद्दीतून काही हाती लागली. मग आपला राजा, तिकडे पंजाबात. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला इकडची. तो गेला तेव्हा त्याच्या रक्षेसाठी गावं भांडली आणि शेवटी सगळ्यांनी वाटून घेतली म्हणे. शोमरोन प्रांतातला एक मेनान्द्रोस धर्मगुरू होता. तो लोकांना सांगायचा, माझ्याकडून दीक्षा घ्या, मरण येणार नाही. "मग तो स्वतः?" राहुल विचारायचा. "गेला की," बाबा म्हणायचे, आणि पोट धरून हसायचे. आणि कॉन्स्टँटिनोपलचा एक होता, त्याने वकिली शिकून सोडून दिली, रथांच्या शर्यती बघण्यात तरुणपण घालवलं आणि मग पश्चात्ताप होऊन इतिहास लिहायला बसला. हा राहुलचा आवडता. राहुलचा अभ्यास बघता तो का, हे वेगळं सांगायला नको.

"पण मेनान्द्रोसचं मिलिंद कसं झालं?" मी विचारायचे.

"का नाही होणार? मला इथे बघ," बाबा म्हणायचे. "मल्याळी मला मिलिन्दन म्हणतात. पठाण ड्रायव्हर मलंग म्हणतात. अरबाब, आमचा मालक, मालिंद म्हणतो. मी ओ देतोच ना? नाव माझ्या एकट्याच्या मालकीचं थोडंच आहे? मागच्यांनी वापरलं, पुढचे वापरतील. मधले आपण."

पुढचे वापरतील म्हणे! इथे नात विचारत होती, द रियल वन कोणतं.

त्याच महिन्यात राहुलला मुलगा झाला होता. राहुल आणि त्याची बायको शुभ्रा खलिफा सिटीत राहतात, आई त्यांच्याकडेच असते. बारसं पुढच्या रविवारी होतं. मी आत्या. पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं आणि नाव सांगायचं, हा मान माझा. पण नाव ठरवायला मला कुणी विचारलं नव्हतं. शुभ्राने ठरवलं होतं, किआन. सगळ्या जगाला म्हणता येईल असं हवं, कुठेही नोकरीला गेला तरी अडायला नको, असं तिचं म्हणणं. पुण्याची पोरगी, एचआरमध्ये आहे, दिवसभर लोकांची नावं चुकीची उच्चारणाऱ्यांना ऐकते. तिचंही काही चूक नव्हतं, पण हे मी आत्ता म्हणतेय.

तेव्हा मी तिला फोन केला आणि म्हटलं, "मिलिंद ठेवू या."

"ताई, प्लीज," ती म्हणाली. "बाबांबद्दल मला आदर आहे, तुम्हाला माहितीये. पण मिलिंद हे किती अंकल-नेम आहे! वर्गात एकटाच असेल तो."

"जगाला म्हणता येणारं हवंय ना तुला? अगं, ग्रीसपासून पंजाबापर्यंत आणि तिथून पार ब्रह्मदेशापर्यंत गेलेलं नाव आहे हे! किआनने काय पाहिलंय?"

"तुम्ही राहुलशी बोला."

राहुलशी बोलले. आमचा राहुल म्हणजे गरीब गाय. "तू आणि शुभ्रा काय ते ठरवा गं," म्हणाला. "बर्थ सर्टिफिकेट काढायचंय, तेवढं लवकर सांगा." मुग्धाचा प्रश्न मी त्याला सांगितला तेव्हा मात्र त्याची घाई संपली. मग म्हणाला, "आईला चालेल का?"

आईला न चालायला काय झालं, असं मला वाटलं. आणि तिथल्या तिथे मी मनाशी ठरवून टाकलं. पाळण्यापाशी मी वाकणार, बायका माझ्या पाठीत धपाटे घालणार, आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगणार, मिलिंद. एकदा आत्याने नाव सांगितलं की खलास. शुभ्रा भर पाहुण्यांत काय करेल? बारशाच्या सकाळी विलासला गाडीत हे सांगितलं तर तो म्हणाला, "मनाली, तू बारशाला चाललीस की धाड घालायला?" मी त्याच्याशी पार खलिफा सिटी येईपर्यंत बोलले नाही.

आई स्वयंपाकघरात घुगऱ्या ढवळत होती. पांढरी साडी, पदर खोचलेला. मी दार लोटून घेतलं आणि तिला म्हटलं, "आई, मी आज मिलिंद ठेवणार आहे."

तिचा डाव थांबला.

"आणि मी त्याला हाक काय मारू? अहो?"

मला हसू फुटलं. ती हसली नाही.

"दात काय काढतेस? शुभ्राची रजा संपली की दिवसभर पोर माझ्याकडे. त्याला न्हाऊ घालायचं, पुसायचं, रडला तर दटावायचं. ह्यांच्या नावाने दटावू? जीभ तरी उचलेल का माझी?"

"अगं, ते नाव बाबांचं एकट्याचं नाही. बाबाच म्हणायचे ना? तो राजा, तो नाटकवाला..."

"मी त्या राजाला ओळखत नाही," आई म्हणाली. "मी ह्यांना ओळखते."

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. "म्हणजे या घरात ते नाव आता कुणी घ्यायचंच नाही? मुग्धाला माहीत नव्हतं गं, आई. तिच्या सख्ख्या आजोबांचं नाव. तू तर जन्मात कधी..."

"घेत होते की," आई म्हणाली. "उखाण्यात घेत होते. तुझ्या लग्नात घेतलं, राहुलच्या लग्नात घेतलं. मुग्धाच्या बारशाला दोनदा घ्यायला लावलं होतं बायकांनी. हे तिकडे लाजून पाणी प्यायला उठले होते." तिने पुन्हा ढवळायला सुरुवात केली. "आता कोण मला सांगतंय नाव घ्यायला?"

मीठ संपलंय सांगावं तसं तिने हे सांगितलं. ना डोळ्यांत पाणी, ना तक्रार. आम्ही बुद्धवंदना म्हणणारी माणसं, स्वतःला सुधारलेले म्हणवतो, आणि विधवा बाईला उखाणा घ्यायला सांगायचं नाही हे मात्र न शिकवता सगळ्यांना येतं. मलाही येत होतं. बाबा गेल्यापासून एवढे कार्यक्रम झाले, मीसुद्धा तिला कधी म्हटलं नव्हतं.

ते नाव जपायचं म्हणून मी एवढी भांडत होते. आणि ते ज्या बाईने सगळ्यात जास्त जपलं, तिच्या तोंडाला आम्हीच कुलूप लावलं होतं. पण आता करायचं काय, ते सुचेना. आईला नको असलेलं नाव बाळाच्या कानात ओतायला माझा जीव होईना, आणि किआन म्हणायला तोंड उघडेना.

अकराच्या सुमाराला माणसं जमली. हॉलमध्ये भाड्याने आणलेला पाळणा, फुलांनी सजवलेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली बाबांचा फोटो. शुभ्राच्या मैत्रिणी आल्या होत्या, राहुलच्या ऑफिसातले लोक आले होते, शेजारची नबिला आली होती. नबिला जॉर्डनची, शुभ्राची चांगली मैत्रीण, बाळंतपणात रोज सूप आणून द्यायची. शुभ्रा तिला सगळं इंग्रजीत समजावून सांगत होती.

मग उखाण्यांची टूम निघालीच. नाव घ्या, नाव घ्या! शुभ्राने घेतलं, राहुल लाल झाला. मी विलासचं घेतलं आणि त्यात त्याच्या ढेरीला चिमटा काढला. सगळ्या हसल्या. एकीने घेतलं, दुसरीने घेतलं, पाळी फिरत फिरत आईपाशी आली. तिथे शुभ्राची एक मैत्रीण म्हणाली, "काकू, पेढे द्या ना इकडे." आईने पेढ्यांचं ताट उचलून दिलं. पाळी पुढे गेली.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या मात्र आलं.

"काय नाव ठेवणार?" नबिलाने इंग्रजीत विचारलं.

"ते आत्या सांगणार, आत्ता," शुभ्रा म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. तिच्या हसण्यात जरा काळजी होती. राहुलने सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"आमच्यात मुलाचं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं," नबिला म्हणाली. "आजोबाशिवाय नाव अर्धंच राहतं. बाप राहुल, ते माहितीये. आजोबाचं नाव काय होतं?"

राहुलने तोंड उघडलं. "मि..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

"आई," मी म्हटलं, "नबिला विचारतेय. नाव घे."

पेढे मागणारी ती मैत्रीण हळूच म्हणाली, "ताई, अहो, काकूंना कशाला..." मी तिच्याकडे असे डोळे वटारले की तिने पेढा तोंडात टाकला.

"काहीतरीच काय," आई म्हणाली.

"काहीतरीच नाही. सगळ्यांनी घेतलं. तूच राहिलीस."

आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठून स्वयंपाकघरात जाणार. मुग्धा तिच्याशेजारी बसली होती, तिने आजीचा हात धरला होता. आई बाबांच्या फोटोकडे बघत राहिली. मग उठली. पदर सारखा केला, पाळण्यापाशी आली, दोरी धरली आणि वाकली. आवाज फुटला तो थेट जालन्याच्या शेतातला, खणखणीत.

"देशोदेशी फिरलं तरी थकलं नाही कधी,
मिलिंदरावांचं नाव घेते नातवाच्या कानामधी."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. राहुल भिंतीकडे तोंड करून उभा होता. हा उखाणा तिने कधी जुळवला असेल? घुगऱ्या ढवळताना, की बाबा गेल्यावर केव्हातरी, कुणी विचारेल म्हणून? मी तिला अजूनही विचारलेलं नाही. तेव्हा मात्र मी हुंदके देत रडले, लाज न बाळगता.

"काय म्हणाल्या त्या?" नबिला विचारत होती. शुभ्रा तिला सांगायला लागली आणि मधेच थांबली, तिला पुढे बोलवेना. डोळे पुसून ती माझ्याकडे आली.

"ताई, कुर्रर्र करा."

"कोणतं सांगू?"

"आईंनी सांगितलं ना त्याच्या कानात," शुभ्रा म्हणाली. "आता वेगळं सांगितलं तर गोंधळेल तो."

अगं बाई! मी आईकडे बघितलं. आई अजून पाळण्याची दोरी धरून उभी होती.

"ठेव," ती म्हणाली. "हाक काय मारायची ते मी बघते."

मी वाकले. बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की विचारू नका, पेढेवालीने तर बहुतेक सूड उगवला. कुर्रर्र, मी म्हटलं, आणि नाव सांगितलं. बाळ जांभई देऊन झोपलं. नबिलाने मोबाइलवर लिहून घेतलं आणि मोठ्याने वाचलं, "मिलिंद राहुल मिलिंद." तिच्या हिशेबाने आता नाव पुरं झालं होतं.

दुपारी पाहुणे गेले. शुभ्रा आत जरा आडवी झाली होती, राहुल आणि विलास खुर्च्या खाली पोचवायला गेले होते. मी भांडी आवरून हात पुसत बाहेर आले, तर हॉलमध्ये आई एकटीच होती, पाळण्यापाशी, बाळाचा लंगोट बदलत. मी दारातच थांबले.

"अरे, अरे, अरे! आत्ता बदलला होता ना रे? लबाड कुठला! मिलिंद!"

तिचा हात थांबला. जीभ चावली तिने. मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. बाबा नेहमीसारखेच हसत होते, एक दात पडलेले.

"बघता काय?" आई फोटोला म्हणाली. "चाळीस वर्षं अहो-अहो केलं. आता जरा अरे-तुरे करू द्या."

आणि परत खाली वाकली.

"हां, मिलिंद. पाय वर कर."